कृपणदीनं जागा केली

कालिंदी देवस्थळीला तिच्या माघारी सगळे कृपणदी म्हणत. कंजूष ताई. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

जन्म कलकत्त्यातलाच, हाजरा रोडचा. वडील श्यामराव तिथल्या शाळेत गणित शिकवत. घरात मराठी, बाहेर बांगला. आकडेमोड मात्र ती मनातल्या मनात बांगलातच करायची. एम.एस्सी. होऊन एका संशोधन संस्थेच्या कॉम्प्युटर केंद्रात लागली आणि तिथलीच झाली. मशीन एकच, आणि त्यावर टपलेले सगळे विभाग. मशीनची मेमरी म्हणजे जणू भाड्याची चाळ. कालिंदीनं तिचे वाटे घातले होते: मोठा वाटा दिवसचे दिवस चालणाऱ्या कामांना, लहान किरकोळ कामांना आणि एक चिंचोळी पट्टी छपाईला. प्रोग्रॅमनं नेमून दिलेली हद्द ओलांडली की मशीन त्याला तिथल्या तिथे हाकलून द्यायचं. कुणी गयावया करत आलं की ती म्हणे, "तुम्हाला वाढवून द्यायचं तर दुसऱ्या कुणाचं काढावं लागेल. कुणाचं काढू, नाव सांगा." नाव कुणीच सांगत नसे.

चौऱ्याहत्तरच्या भाद्रपदात ते नाव तिलाच घ्यावं लागलं.

त्या सकाळी गुरुदत्त नाडकर्णी धापा टाकत जिना चढून आला. नदीची मोजणी करणाऱ्या एका कार्यालयात तो अधिकारी होता, मुंबईहून बदलून आलेला. काखेत त्याचा प्रोग्रॅम भोकं पाडून उतरवलेल्या कार्डांचा खोका, बूट चिखलानं भरलेले.

"कालिंदीताई, खिदिरपूर गोदीला निघालेलं जहाज हुगळीत गार्डन रीचच्या खाली वाळूत रुतलंय. दुपारच्या भरतीला ओढून काढायचं, पण वरून पुराचं पाणी येतंय, भरतीचे तक्ते आता उपयोगाचे नाहीत. पुरेसं पाणी चढायच्या आधी ओढलं तर जहाज आडवं होऊन वाट अडवेल. ओढलंच नाही तर ओहोटीत त्याचा कणा मोडेल. जहाजावर माणसं आहेत. पाणी नेमकं कधी पुरेल, ते काढून हवंय."

तिनं पुढं काही विचारलं नाही. कार्डं मशीनमध्ये घातली. थोड्या वेळानं टाइपरायटर खडखडला: हद्द ओलांडली, काम रद्द.

"नदीच्या वरच्या पात्राचा भाग गाळता येईल?" तिनं विचारलं.

"पाणी तिथूनच तर येतंय!"

कालिंदीनं छपाई थांबवली आणि ती पट्टी लहान वाट्याला जोडून दिली. पुन्हा कार्डं, पुन्हा खडखडाट. या वेळी प्रोग्रॅम बराच पुढे गेला आणि मग कोसळला. गुरुदत्त खिडकीशी गेला. खाली उभ्या जीपमधला वायरलेसवाला मान वर करून बघत होता.

आता उरला मोठा वाटा. त्यात अनादिबाबूंचं काम चालू होतं. अनादि भट्टाचार्य, तिचेच एके काळचे प्राध्यापक. परदेशातल्या, तोंडावर आलेल्या परिषदेसाठीचं गणित. एरवी वीज जाऊन दर वेळी मोडणारं ते गणित या खेपेला कसंबसं दोन दिवस टिकलं होतं. वाटा बदलायचा म्हणजे ते मारायचं. मध्येच थांबवून पुढे चालू करायची सोय नव्हती. शिवाय संचालकांच्या परवानगीशिवाय मोठ्या वाट्याला हात लावायचा नाही, हा नियम. संचालक दिल्लीत. ट्रंक कॉल लागेना.

ती अनादिबाबूंच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

"किती उरलंय माझं?" त्यांनी विचारलं.

"रात्रीपर्यंत झालं असतं."

"असतं?" ते खुर्चीतून उठले. "म्हणजे तू ठरवूनच आलीयस. मग विचारतेस कशाला?"

"तुम्ही हो म्हणाल, असं वाटलं."

"मी हो म्हणणार नाही, कालिंदी. उद्या आणखी कुणी आणखी काही घेऊन येईल. जहाजाचं गणित चुकलं तर? माझंही गेलं आणि त्यांचंही."

हे खरं होतं. गुरुदत्तचा प्रोग्रॅम इतक्या मोठ्या पात्रासाठी कधी चाललाच नव्हता. कालिंदी मशीनकडे परतली. कन्सोलसमोर बसून तिनं एकदा दाराकडे पाहिलं. अनादिबाबू तिथे उभे होते. आत येत नव्हते आणि जातही नव्हते. त्यांच्या देखत तिनं त्यांचं काम रद्द करण्याची आज्ञा टाइप केली. मग वाटे मोडले, एक केले आणि सगळी जागा नदीला दिली.

टेप फिरत राहिल्या. गुरुदत्त नखं खात होता. दिवे एकदा मंदावले तेव्हा कालिंदीनं डोळे मिटून घेतले. पण ते पुन्हा उजळले. शेवटी प्रिंटर सुरू झाला आणि गुरुदत्तनं कागद फाडूनच घेतला.

"पाणी पुरेल," तो म्हणाला, "पण तक्त्यापेक्षा बरंच उशिरा. तोवर दोर ताणायचे नाहीत!" आणि जिना उतरत पळाला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. सुकाणू वाकलं होतं, पण जहाज वाळूतून निघालं होतं. ओढणाऱ्या टगबोटींवरचे लोक तक्त्याच्या वेळेलाच ओढायच्या बेतात होते, असंही तो म्हणाला. कालिंदीनं फोन ठेवला आणि ती टेबलावर डोकं टेकून रडली.

संचालक परतले. त्यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि नियम मोडल्याबद्दल दुर्गापूजेपर्यंत तिला मशीनपासून दूर ठेवलं. तिनं तक्रार केली नाही. अनादिबाबूंची परिषद हुकली.

रिकाम्या वेळात ती त्यांचा प्रोग्रॅम घेऊन बसली. एकदम सगळा मेमरीत ठेवण्याऐवजी त्याचे तुकडे केले, लागेल तेवढाच तुकडा आत यावा, बाकीचे टेपवर थांबावेत, अशी रचना केली. पूजेनंतर नवी कार्डं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"आता लहान वाट्यातही चालेल. निम्मं काम झालं की टेपवर जपूनही ठेवेल. वीज गेली तरी तिथून पुढे."

अनादिबाबूंनी कार्डं चाळली, बराच वेळ.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"बस. हा तिसरा तुकडा समजावून सांग."

ती खुर्ची ओढून बसली.