करंगळीखालचं बटण

गजेंद्र टाईप करताना बोटांकडे कधी पाहायचा नाही. त्याच्या गावी, अकोल्याजवळच्या बाळापुरात, टायपिंग क्लासात सर पट्टी घेऊन मागे उभे राहायचे. मान खाली गेली की पट्टी बसायची. तेव्हापासून त्याची नजर पडद्यावर असायची आणि बोटं आपल्या वाटेनं जायची.

अमरावतीत, राजापेठेतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राहतो. विद्यार्थ्यांचे प्रबंध टाईप करून देतो. माझा एम.ए.चा लघुप्रबंध त्यानंच टाईप केला. तिथून मैत्री झाली. काम संपलं की आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. तो नेहमी जिंकायचा.

मार्चपासून तो हरू लागला. डावीकडे वळण आलं की त्याची गाडी सरळ कठड्यावर जाई. मी हसायचो. पुढे प्रबंधांतून ओकार गळू लागले. त्याच्या कीबोर्डवर ओकाराची मात्रा आणि गेममधलं डावं वळण, दोन्ही डाव्या करंगळीखाली येतात. मुद्रितं मी तपासायचो, म्हणून मलाच आधी दिसलं.

“कीबोर्ड गेला बे,” तो म्हणाला.

त्यानं तो उघडला, ब्रशनं साफ केला. मग नवा आणला. ओकार गळतच राहिले.

“सस्त्यातला माल असाच रायते. आता मेकॅनिकलच घेतो. कामालेबी आन् गेमलेबी.”

महिनाभर त्यानं व्हिडिओ पाहिले. जेवतानाही तेच बोलणं. शेवटी एका दुपारी आम्ही गोवर्धनभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांच्या काउंटरवर लाकडाची एक पट्टी होती, तिच्यावर मेकॅनिकल कीबोर्डची तीन तऱ्हेची बटणं बसवलेली. निळं टकटक वाजतं. तपकिरी दाबताना मध्येच बोटाला हलकी ठेच लागते. लाल गुळगुळीत खाली जातं.

“डोये मिटा,” गोवर्धनभाऊ म्हणाले. “तिन्ही वयखले तर माउस पॅड फुकट. आजपर्यंत चाळीस वाटले.”

“मंग एकेचाळीसावा काढून ठेवा,” गजेंद्र म्हणाला. डोळे मिटून त्यानं डावा हात पुढे केला. “ज्या बोटासाठी घेऊन राहिलो, तेच लावतो.”

करंगळी निळ्यावर पडली. टक. “निळं.”

मग तपकिरी. मग लाल. पुन्हा तपकिरी.

“हे दोन्ही एकच हाये, भाऊ. फसवून राहिले तुमी.”

“बोटं झोपले काय तुमचे?” गोवर्धनभाऊ हसले. “दुसरं लावून पाहा.”

तर्जनीनं त्यानं दोन्ही लगेच ओळखली. मग अनामिका, पुन्हा करंगळी. काहीच कळलं नाही. तो डोळे मिटूनच दाबत राहिला. गोवर्धनभाऊ हसायचे थांबले.

तेव्हा मला त्याच्या करंगळीवरचा फोड दिसला. चांगला बोराएवढा, पाण्यानं भरलेला.

“हे काय झालं?”

त्यानं डोळे उघडले. बोट वळवून पाहिलं. त्यालाही तो फोड तेव्हाच दिसत होता.

“सकाळी चायचा गिलास लागला असन.”

“दुखलं नाही?”

हात खाली घेऊन तो दुकानाबाहेर पडला.

बाहेर गाड्यांची गर्दी होती. मी त्याची बाही वर सरकवली. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता. मी तो वर्षभर पाहत होतो. शिब आहे, साधा कातडीचा डाग, असं तो सांगायचा. बसस्थानकाच्या भिंतीवर एक पाटी आहे, न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा असेल तर तपासून घ्या, अशी. तिच्याखाली उभं राहून आम्ही किती वेळा अकोल्याच्या गाडीची वाट पाहिली होती. मी चट्ट्यावर नख टोचलं. जोरात टोचलं.

“टोच ना,” तो गाड्यांकडे पाहत म्हणाला.

माझं टोचून झालं होतं.

चार दिवस तो घरातून निघाला नाही. त्याची आई मनकर्णाबाई फोनवर म्हणाली, अकोल्याला ये, मोठ्या दवाखान्यात दाखवू. “अकोल्यात अर्धं बाळापूर फिरते, माय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. खाली राहणाऱ्या घरमालकीण ललिताकाकू वर आल्या की तो डावा हात खिशात घालायचा. पाचव्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढत इथल्याच सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कापसाची वात केली. म्हणाल्या, “डोळे मिटा. लागलं की तिथं बोट ठेवा.”

तोच खेळ होता. कापूस करंगळीवरून फिरला, चट्ट्यावरून फिरला. गजेंद्रनं उजवा हात मांडीवरून उचललाच नाही. तो वाट पाहत होता.

कोपराजवळची नस जाड झाली होती. त्यांनी कुष्ठरोग हा शब्द सरळ उच्चारला. वर्षभर गोळ्या. आजार नक्की जाईल. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही. नसेसाठी वेगळं औषध देऊ.

“बोटं पह्यलेसारखे होतीन का?”

“होऊ शकतात. शब्द देत नाही. आणखी उशीर केला असता तर हात वाकडा झाला असता.”

“म्या टायपिंग करतो, मॅडम.”

“करा. फक्त बोटांकडे पाहत जा.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मला दुसरीकडे बघावं लागलं.

परत येताना त्यानं गोवर्धनभाऊंकडून निळ्या बटणांचा कीबोर्ड घेतला. सगळ्यात आवाजाचा. मी म्हटलं, डोकं उठेल. “बोटाले नाई समजत तं कानाले समजन,” तो म्हणाला. माउस पॅड त्यांनी तसंच दिलं. गजेंद्रनं ते काउंटरवर ठेवलं आणि निघाला.

दुसऱ्याच दिवशी ललिताकाकू खालून ओरडल्या, “काहून रे, घरात सुतार ठेवला काय?”

“नवा कीबोर्ड हाये, काकू,” त्यानं सांगितलं. आवाज साधाच होता. मान मात्र घामानं ओली झाली होती. काकूंना कळलं तर खोली जाईल, ही त्याची भीती. मला त्यापेक्षा त्या बोटांची वाटते.

गोळ्यांचं महिन्याला एक पाकीट मिळतं; हे तिसरं. मी लिहिलेलं हे सगळं आत्ता तोच टाईप करतो आहे.

“नाव बदलव माह्यं,” पहिलंच पान पाहून तो म्हणाला. “काकू गोष्टी वाचते.” म्हणून गजेंद्र हे मी ठेवलेलं नाव आहे, आणि काकूंचंही मीच ठेवलेलं.

मी पलंगावर बसून टकटक ऐकतो. मध्येच ती थांबते. मी मान वर करतो.

“काय झालं?”

“काई नाई. पाहून राहिलो.”

त्याची मान खाली आहे. मी पुढच्या आवाजाची वाट पाहतो.