खुडलेली घोळ

घोळीची भाजी कढईत पडली की आंबूस वास सुटतो आणि मला अजून तो दिवस आठवतो. पोरगी तेव्हा लहान होती. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, हिच्या अंगात रक्त कमी आहे, रानातल्या पालेभाज्या खाऊ घाला. म्हणून मी करमाडजवळच्या आमच्या शेताच्या बांधावरून ओटीभर घोळ खुडून आणली आणि मुगाची डाळ घालून शिजवली. पोरीनं ताटली चाटूनपुसून खाल्ली. तेवढ्यात हे आले आणि भाजी बघून म्हणाले, “कुठली गं ही?” मी म्हटलं, “आपल्याच बांधाची.” ह्यांचा चेहराच उतरला. “सकाळी तणनाशक मारलंय म्या तिथं. अलीकडच्या टोकापासून मारत गेलो, चिंचेपाशी पंपातलं औषध संपलं. तू अलीकडून खुडली का पलीकडून?” मला काही केल्या आठवेना. पोरीला घेऊन आम्ही मोटरसायकलवर दवाखान्याकडं निघालो. वाटेत बांध लागला तशी मी उतरून पळाले. फवारलेली घोळ अजून हिरवीगारच होती, नुसतं बघून काही कळत नव्हतं. मी वाकून नखानं खुडलेले देठ शोधू लागले. ह्यांच्या कडेवरून पोरगी म्हणाली, “आई, मला पण शोधू दे ना.” चिंचेच्या अलीकडं एकही देठ खुडलेला नव्हता. पलीकडं मात्र सगळे माझेच होते. हे पोरीला घेऊन तिथंच मातीत बसले. तरीही आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. पोरगी आता दहावीला आहे. पोट दुखतंय म्हणाली की माझा जीव आधी त्या बांधावर जाऊन येतो.