मटणाच्या कूपनांची वही

आमच्या वसाहतीत माणसं किती, हे इबू मरहामांना जितकं अचूक ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. इबू म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाला मानाने मारायची हाक. मी त्यांचा चिटणीस होतो, अकरा वर्षं त्यांची पत्रं लिहिली. तेव्हा हे म्हणायचा अधिकार मला आहे.

जकार्ताच्या पूर्वेला जिथे आता पोंडोक केनारी वसाहत आहे, तिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती. बिल्डरने नकाशा काढला तो सहाशे घरांचा. त्यात एक मशीद, एक मैदान, सातवी ते नववीची एक सरकारी माध्यमिक शाळा. मग मागच्या अंगाला आणखी घरं उठली, त्यांच्याही मागे आणखी. माझ्यासारखे दूरच्या तेगल गावाकडचे लोक येऊन गच्च भरले. शाळा तेवढीच राहिली.

इबू आमच्या गल्लीच्या प्रमुख. बकरी ईदला मशिदीतून घरटी मटणाचं एक पाकीट मिळतं, त्याची सबंध वसाहतीतली कूपनं वाटायचं कामही त्यांच्याकडेच. आठ दिवस आधी त्या छत्री आणि वही घेऊन निघायच्या आणि एका छपराखाली चुली किती ते मोजायच्या. सरकारी मोजणीला लोक भाडेकरू लपवतात. मटणाला कुणी कशाला लपवेल? पहिल्या वर्षी त्यांच्या वहीत एकशे चाळीस चुली होत्या. मी हिशेब पाहायला लागलो तेव्हा सातशेच्या वर गेल्या होत्या.

दर जानेवारीत सरकारी कचेरीत पुढच्या वर्षाच्या नियोजनाची बैठक भरते. इबू ती वही घेऊन जायच्या आणि एकच मागायच्या: मागच्या बाजूच्या राखीव मोकळ्या जागेवर दुसरी शाळा.

"इबू, मटणाच्या पाकिटांवर शाळा मंजूर होत नाही," तिथला साहेब हसून म्हणायचा. "आम्ही कुटुंबपत्रावरची नावं धरतो."

"मग वर्गात कागदच बसवा की! पोरं कशाला?"

सगळे हसायचे. चहा व्हायचा, तळलेली केळी व्हायची, ठराव फाइलीत जायचा. मला त्या केळ्यांचासुद्धा राग यायचा.

पुढे नवा नियम आला. कुटुंबपत्रावरच्या घरापासून शाळेचं फाटक किती लांब, त्यावरून प्रवेश. मागच्या वस्तीतली पोरं दीड-दोन किलोमीटरवर, म्हणजे त्यांचा विषयच संपला. इबूंचं घर दोनशे बारा मीटरवर.

पहिली आली युलियार्ती, मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी. "इबू, थोरलीचं नाव तुमच्या पत्रावर चढवा ना. भाची म्हणून. वर्षभराचाच प्रश्न आहे."

ती गेल्यावर मी म्हणालो, "इबू, हे वावगं आहे."

"वावगं काय ते मला शिकवू नकोस, वार्सोनो. इतकी वर्षं शाळा मागतेय. शाळा नाही देता येत, निदान पत्ता तरी देते. भर फॉर्म."

मी भरला. चार वर्षांत त्यांच्या पत्रावर सात भाचे-भाच्या जमल्या. नाव काढून घ्यायला मात्र कुणी परत फिरकलं नाही. इबूंचं पाहून शाळेजवळच्या घराघराला भाचे फुटले. सातवी भाची होती युलियार्तीचीच धाकटी, नाजवा.

तिच्या वेळी मी आठवण करून दिली होती, "इबू, झुल्फाचंही तेच वर्ष आहे हं."

झुल्फा त्यांची नात, त्यांच्याजवळच वाढलेली. पोरगी साडेपाचाची असताना कूपनांवरची नावं घडाघडा वाचायची, म्हणून इबूंनी मुख्याध्यापकाशी भांडून तिला वर्षभर आधी पहिलीत बसवलं होतं.

"मागच्या वर्षी तीनशे ऐंशी मीटरपर्यंतची पोरं आत गेली," इबू म्हणाल्या. "दोघीही जातील. उगाच अपशकुन करू नकोस."

त्या वर्षी यादी दोनशे बारा मीटरवर थांबली. शेवटची एकच जागा उरली आणि त्या पत्त्यावर दोन मुली होत्या. अंतर सारखं असलं तर वयाने मोठं असेल त्याला जागा. नाजवा सात महिन्यांनी मोठी निघाली.

इबूंनी यादी दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मीच हिला लवकर घातली रे."

हरकत घ्यायला तीन दिवस होते. मी त्यांच्याबरोबर शाळेतल्या हरकतींच्या खिडकीशी गेलो. मागे युलियार्ती येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक पिळत होती.

खिडकीतल्या कारकुनाने कागद पाहिला. "ही नाजवा तुमच्या घरी राहते की नाही? एवढंच सांगा. राहत नसेल तर ही सही खोटी. मग आधीच्या वर्षांची नावंही तपासावी लागतील, आणि शाळेतून काढावी लागतील."

एक 'नाही' म्हटलं असतं तर झुल्फाला जागा मिळत होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हणा, म्हणा. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटत नाही.

"राहते," इबू म्हणाल्या. "भाची आहे माझी."

बाहेर युलियार्तीने त्यांचा हात धरून कपाळाला लावला. इबूंनी तो सोडवून घेतला. "घरी जा बाई. पोरीचा गणवेश शिवायला घे."

झुल्फाने रात्रीच्या जेवणाला विचारलंच, "न्याई, नाजवा आपल्याकडे कधी राहत होती?" आजीला ती न्याई म्हणते. इबूंनी तिच्या ताटात भात वाढला.

झुल्फा आता लांबच्या खासगी शाळेत जाते. दोन गाड्या बदलून. पहाटे निघते आणि सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाल्यावर येते. वाचन तिने सोडलं आहे. घरी आली की दप्तरासकट झोपते.

इबूंची एकच आशा उरली होती. मागे शाळा झाली तर नववीला तरी झुल्फाला तिथे घालता येईल. जानेवारीच्या बैठकीला त्या वही नव्या कागदात गुंडाळून घेऊन गेल्या. नऊशे चाळीस चुली.

साहेबाने या खेपेला रंगीत नकाशा भिंतीवर लावला. शाळेच्या वयाची मुलं असलेल्या प्रत्येक पत्त्यावर एक ठिपका, जितकी मुलं तितका मोठा. शाळेभोवती गुळाला मुंग्या लागाव्यात तसे ठिपके, आणि मागची वस्ती जवळपास कोरी.

"मागच्या भागात मुलं अकरा," तो म्हणाला. "तिथे शाळेची गरज दिसत नाही. राखीव जागेवर दुकानगाळे काढावेत, असा प्रस्ताव आहे."

इबू उठल्या. वही उघडली. ती पोरं कुठे राहतात हे सांगायचं, तर ती कुठे राहत नाहीत हेही सांगावं लागणार होतं. खिडकीशी दिलेला शब्द होता, आणि माझ्या अक्षरातले सात फॉर्म होते.

"हा ठिपका एवढा मोठा का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"एका पत्त्यावर आठ मुलं आहेत, इबू. तुमचंच ना घर? नशीबवान आहात."

त्या खाली बसल्या. हजेरीच्या कागदावर सही केली. तळलेली केळी आली, ती मी खाल्ली नाहीत.

यंदाच्या बकरी ईदला त्यांनी कूपनांचं काम घेतलं नाही. मशिदीने सरकारी यादी आणून तीवरूनच वाटप केलं. मागच्या गल्ल्यांत मटण पुरलं नाही, माणसं मशिदीशी येऊन भांडली. इबूंच्या दारात मात्र माणसं जास्त म्हणून तीन पाकिटं आली. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो.

"न्याई, एवढं मटण कुणाचं?" झुल्फाने विचारलं.

"आपलंच," इबू म्हणाल्या. "कागदावर आपणच खातो सगळ्यांचं."