रामजी नाईकाच्या दोन फिती

ठाण्यात पलटणीच्या वाटेवर माझं शिंप्याचं दुकान आहे. तिथे चिंध्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! चिंध्यांची निदान गोधडी होते, किश्श्यांचं काय करू?

*

आमचा रामजी शिपायाचा नाईक झाला. म्हणजे कोटाच्या बाहीवर दोन फिती आल्या. त्याही फक्त उजव्या बाहीवर, असा पलटणीचा रिवाज! मी तशाच लावल्या, तर शेजारचे कचेरीतले तात्या म्हणतात, "काय रे, डाव्या बाहीच्या फिती खाल्ल्यास?"

मी सगळं समजावून सांगितलं. तात्या विचारात पडले. "म्हणजे तो उजवीकडूनच नाईक?"

कप्पाळ!

*

एकदा पलटणीच्या गोऱ्या साहेबाच्या दंडावर काळं फडकं दिसलं. रामजीने अदबीने विचारलं, "साहेब, हात दुखावला?"

"वडील वारले," साहेब म्हणाला.

रामजी थेट माझ्याकडे आला. "दादा, बाप गेला तरी मिशी जागच्या जागी! यांचं सुतक फक्त हाताला असतं काय हो?"

मला तरी कुठे ठाऊक! फडकं मीच शिवलेलं, पण मला वाटलं गळवाला बांधायचं असेल.

*

रामजीची एक खोड होती. लाल कोट अंगात गेला की मराठी बंद! पलटणीतली हिंदुस्तानी सुरू! माप देताना, "दादा, कॉलर टोचते हो." तोच कोट घालून बटणं लावली की, "दर्जी! कालर ढीला करो!"

कोट उतरवला की पुन्हा, "रागावलात का दादा?"

*

त्याची बायको येसू गावी, मोहन्याला. तिने नवऱ्याला वर्दीत कधी पाहिलंच नव्हतं. रजेवर जाताना वर्दी जमा करावी लागे. गावात लोक म्हणत, "कसला शिपाई? पाणी भरत असंल तिथं!" रामजीला ते फार लागायचं. "एकदा तिनं बघितलं की बास, दादा."

शेवटी साहेबाने वर्दी न्यायला परवानगी दिली. मी जीव ओतून इस्त्री केली.

रजा संपवून गडी परतला तो तोंड पाडून.

"काय रे, बघितलं का वहिनीने?"

"बघितलं. दाराच्या फटीतून."

कपाळावर टोपी, हनुवटीखाली पट्टा, अशा थाटात याने दार ठोठावलं आणि ओरडला, "दरवाजा खोलो!"

आतून येसू कडाडली, "मेल्या, माझा नवरा पलटणीत नाईक हाय! दोन फितींचा! तंगडं मोडंल तुझं!"

"अरे गाढवा, मराठीत बोलायचं ना!"

"कोट अंगात होता ना, दादा!"

मग हा शेताकडे पळाला, कोट गाठोड्यात बांधला आणि धोतर नेसून घरी गेला. येसू रडतच बाहेर आली, हातात मुसळ! "बरं झालं आलात! आत्ताच एक मेला शिपाई दार वाजवून गेला. जा, धरा त्याला!"

मला हसावं की रडावं कळेना. "मग सांगितलंस ना तिला?"

रामजीने मान खाली घातली.

"गेलो शोधायला. गावातली चार माणसं घेऊन."