बटणचा खोकला

टेलरबाईंना एका जागी बूड टेकून बसणं फक्त शिलाई मशीनपुढेच जमायचं. एरवी त्यांच्या पायाला भिंगरी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या; पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर सासरे आणि मधल्या दारात आडवा पसरलेला बटण. बटण म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना त्याने गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं. बटण दोन दिवसांनी सुखरूप बाहेर आलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता तो अकरा वर्षांचा झाला होता.

थंडी सुरू झाली आणि तो खोकायला लागला. कोरडा, घशात काही अडकल्यासारखा खोकला. झोपून उठला की हमखास.

"दोरा गिळला असेल गधड्याने," सासरे म्हणाले. "पडेल बाहेर."

बाईंनी जमिनीवरचे दोरे वेचले, दोनदा झाडू मारला. खोकला थांबेना. मशीन चालू असताना त्यांचा एक कान दाराकडे लागलेला. एका शर्टाची कॉलर उलटी शिवून झाली तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

रोज सकाळी सासरे त्याला फिरवून आणत. पूर्वी बटण पट्टा ओढत पुढे पळायचा. आता परतताना दुसऱ्या मजल्यावर येऊन बसकण मारी. सासऱ्यांना भरून येई. "माझे गुडघे दुखतात ना, म्हणून थांबतो. मुक्या जनावराला कळतं. माणसांना वेळ नसतो."

टोमणा कोणाला होता ते बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी पट्टा त्यांनीच हातात घेतला. त्यांचे गुडघे ठणठणीत, पायऱ्या भराभर चढल्या. बटण तरीही दुसऱ्या मजल्यावर बसला. जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय.

घरी येताच त्यांनी त्याचा गेल्या वर्षीचा लोकरी अंगरखा काढला. पोटाशी बंद जुळेनात. टेप लावली, मग पाठीवरून हात फिरवला.

"बाबा, पाठीचे मणके हाताला टोचतायत आणि पोट चार बोटं वाढलंय."

"सुख मानवलंय त्याला."

"मग पाठीला का नाही मानवलं? इतकी वर्षं मापं घेतेय मी. असं माप बघितलेलं नाही."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते चपला शोधायला लागले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बटणच्या छातीला नळी लावली, मग जागा बदलून पुन्हा लावली. टेलरबाईंनी तेवढ्यात ओढणीच्या टोकाचा पार बोळा केला. मग एक्स-रे झाला.

"खोकला घशाचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाची झडप नीट मिटत नाहीये, रक्त मागे गळतंय. हृदय मोठं झालंय, पोटात पाणी साठतंय. म्हणून तो लवकर दमतो."

"बरा होईल ना?"

"झडप काही पूर्ववत होणार नाही. पण गोळ्यांनी आराम पडेल. एक काम करा. गाढ झोपला की घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. छाती वर जाऊन खाली आली की एक. तिसाच्या वर जायला लागले तर फोन करा. आणि हिरड्या निळसर दिसल्या किंवा चालता चालता कोसळला, तर मोजत बसू नका, उचलून आणा."

परतताना सासरे दुसऱ्या मजल्यावर बटणच्या शेजारी पायरीवरच बसले.

"मी याला चल रे, चल रे करत ओढायचो वरती."

"मी तरी काय, दोरेच वेचत होते," बाई म्हणाल्या आणि कुत्र्याला उचलून घेऊन वर गेल्या.

गोळ्या सुरू झाल्या. पोट उतरलं, खोकला कमी झाला. बाईंचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. दिवसातून एकदा मोजायचं, तर त्या दहादा मोजत. शेवटी सासरे चिडले. "अगं, झोपू दे त्याला! तू वाकलीस की तो डोळे उघडतो, मग काय मोजतेस, माझे श्वास?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आकडा छत्तीस आला. त्यांनी पुन्हा मोजलं. अडतीस. सुई कापडातच ठेवून त्या उठल्या. "बाबा, दार ओढून घ्या!" एवढंच म्हणाल्या आणि बटणला छातीशी धरून जिने उतरल्या. छातीत पाणी चढायला लागलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळीचं प्रमाण वाढवलं. संध्याकाळी आकडा सव्विसावर आला, तेव्हा कुठे त्यांना आठवलं की आपण दुपारपासून पाणीसुद्धा प्यायलेलो नाही.

त्यानंतर बटण चौदा महिने जगला आणि एका सकाळी उन्हात झोपलेला असतानाच गेला. पुढे कितीतरी दिवस टेलरबाई मध्येच मशीन थांबवायच्या, घड्याळाकडे बघायच्या. सासरे मागच्या खोलीतून विचारायचे, "काय गं, काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणायच्या आणि शिवण पुढे सरकवायच्या.