ट्रेलरच्या पत्र्यावर

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते निव्वळ करमणूक म्हणून. कुणाला न्यू जर्सीच्या बेसमेंटमध्ये पांढरी साडी दिसते, कुणाच्या मेपलवर मुंजा बसतो… अहो, मुंजाला पिंपळ लागतो! त्याला व्हिसा कुणी दिला? माझं सगळं आयुष्य पाइपलाइनची डिझाइन्स तपासण्यात गेलं. आकडा चुकला की माणसं मरतात, मेलेली परत येत नाहीत, हे माझं मत होतं आणि अजूनही आहे. तेव्हा खाली लिहितोय ते नाइलाजानं लिहितोय असं समजा.

मुक्काम शुगर लँड, टेक्सास. साल २००६. नागपूरच्या हॉस्टेलपासूनचे आम्ही चौघे: मी, वसंता, अरविंद आणि दिगंबर, म्हणजे दिग्या. रिटायर झालो की ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन अख्खी अमेरिका पालथी घालायची हा बेत आम्ही वर्षानुवर्षं शिजवत होतो. शिजवत होतो म्हणजे काय, तर शनिवारी कुणाच्या तरी डायनिंग टेबलवर नकाशा पसरायचा आणि त्यावर चिवडा सांडायचा. अरविंदला अलास्का हवं. वसंताला डायबेटिस, त्यामुळे त्याला प्रत्येक मुक्कामाजवळ हॉस्पिटल हवं. बायकांनी केव्हाच अंग काढून घेतलं होतं. "कपाटाएवढ्या बाथरूममध्ये आंघोळ करायची आणि वर तुम्हाला पोळ्या लाटून द्यायच्या? तुमचे तुम्हीच जा," असं आमच्या शैलानं सुनावलं, आणि बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या.

शेवटी दिग्यानं कुणाला न विचारता एक जुना ट्रेलर विकतच आणला. आमच्या वसाहतीत, सबडिव्हिजनमध्ये, तो उभा करायला बंदी, म्हणून गावाबाहेर जागा घेऊन ठेवला. मंदिराच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही प्रॅक्टिस करायचो. ट्रेलर पुढे कुणीही नेतो हो, मागे घेताना खरी परीक्षा. तुम्ही स्टिअरिंग इकडे फिरवता, तो तिकडे जातो. मागे माणूस उभा लागतोच. आणि तो माणूस म्हणजे दिग्या. त्याच्या वडिलांचा ट्रक होता, लहानपणी सुट्टीत त्यानं क्लीनरगिरी केलेली. तीच पद्धत त्यानं टेक्सासात आणली. पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. बोटात ही मोठी पोवळ्याची अंगठी, त्यामुळे थापेच्या पोटातच एक 'टक्' यायचा. "अरे, पीएच.डी. झालास ना? वॉकीटॉकी घे," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "बॅटरी संपते यार. हात नाही संपत."

त्याच ऑक्टोबरमध्ये दिग्या झोपेतच गेला. ट्रेलर आणला तसाच, कुणाला न विचारता. रुतून बसलेली ती अंगठी बोटातून निघेना, ती त्याच्याबरोबरच गेली. ट्रेलर विकून टाकावा असं आम्ही त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "नाही भाऊजी. तुम्ही जा. त्यांची हौस होती." आता आली का पंचाईत!

मार्चमध्ये रंगीत तालीम करायची ठरली. ऑस्टिनच्या पलीकडे टेकड्यांमधलं एक कॅम्पग्राउंड, एक रात्र, आणि परत. निघताना शैला हातात सुपारी घेऊन आली. "तीन तिगाडा काम बिगाडा. ही चौथी ठेवा." एमआयटीत गेलेल्या मुलीची आई आहे हो ही! मी विचारलं, "सुपारीला ड्राइव्ह करता येतं का?" अरविंदनं चेष्टेचेष्टेत ती एका वाटीत ठेवून मागच्या सीटवर वसंताशेजारी बेल्ट लावून बसवली. वसंतानं मात्र नमस्कार केला. गाढव.

पोचलो तेव्हा भर दुपार होती. लख्ख ऊन, रस्त्याच्या कडेला निळी फुलं, आजूबाजूच्या साइट्स रिकाम्या. अमावस्या-बिमावस्या काही नाही. अरविंद फॉर्म भरायला ऑफिसात गेला. वसंता वॉकीटॉकी घेऊन मागे उभा राहिला आणि त्यानं क्रिकेटची कॉमेंट्री सुरू केली… "हां, थोडं डावीकडे, इथे काय मस्त झाड आहे रे, आता उजवीकडे…" माझं डोकं फिरलं. मी बटन दाबून ओरडलो, "तोंड बंद! प्रॉब्लेम असेल तरच बोल." तो गप्प झाला. मी मागे घेत राहिलो. शांतता म्हणजे सगळं आलबेल, दुसरं काय समजणार?

आणि पत्र्यावर थाप वाजली. एक. तिच्या पोटात 'टक्'.

मी ब्रेक दाबला. विचार केला असं म्हणणार नाही, पायानंच दाबला. मंदिराच्या पार्किंगमध्ये तशीच सवय झालेली. मग अंगावर काटा आला आणि मी खाली उतरून मागे धावलो.

वसंता जमिनीवर आडवा पडला होता. सकाळी इन्सुलिन घेऊन जेवण टाळलेलं, कारण साहेबांना तिथे पोचून पिठलं करायचं होतं! शुगर उतरली आणि कोसळला. ट्रेलरचं चाक आणि त्याचं डोकं यात वीतभर अंतर. वॉकीटॉकी दूर गवतात. मी त्याला ओढून बाजूला घेतला, हाका मारल्या, डोळे किलकिले झाल्यावर ऑरेंज ज्यूस पाजला. तोवर अरविंद एका रेंजरला घेऊन धावत आला. वसंताचं पहिलं वाक्य काय असावं? "सरळ लागला का रे?" मी त्याला शिव्या घातल्या आणि मग त्याला धरून रडलो. पन्नास वर्षांची दोस्ती आहे, मी काय दगड आहे?

पत्रा तापून वाजला असेल, असं तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून बघितलं. फांदीनं आपटून पाहिलं, खडे मारले, वॉकीटॉकी फेकून मारला. घरी परतल्यावर अरविंदच्या बोटात शैलाची अंगठी घालून थापा मारायला लावल्या. बिचाऱ्याचा हात सुजला. तो आवाज आला नाही.

हे वहिनींना सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पण वसंताच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यांच्याच घरी चहा घेताना त्यानं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, वहिनी रडतील, देवापुढे साखर ठेवतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"भाऊजी, त्यांचीच होती?"

"वहिनी, ॲल्युमिनिअम उन्हात तापलं की…"

"तुम्ही थांबलात कशाला मग?"

मी चहा ढवळायला लागलो.

"रोज ऐकत बसते मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "गॅरेजमध्ये जाऊन बसते, त्यांच्या खुर्चीपाशी बसते. घरात टीव्हीसुद्धा लावत नाही. मला एकदा नाही! आणि तुमच्या पत्र्यावर वाजवली!"

त्या आत निघून गेल्या. आम्ही तिघांनी कप सिंकमध्ये ठेवले आणि निघालो.

नंतर आम्ही खरोखरच ट्रेलर घेऊन निघालो, अलास्का सोडून बरंच फिरलो. वसंता वेळेवर जेवायचा. मागे घेताना मी रेडिओ बंद करून काच खाली करायचो. पुन्हा कधीही काही वाजलं नाही. त्या दुपारी काय वाजलं याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी मुंजा-बिंजा सुचवलात तर मी वाचणार नाही.

दिग्या, माझा तुझ्यावर काडीचा विश्वास नाही. पण असलासच कुठे, तर लेका, एकदा घरी जाऊन वाजव.