पायले इचारू द्या

“थांबा शेठ, पायले इचारू द्या.”

असं म्हणून आप्पा उजव्या पायातली चप्पल काढायचे, ड्रायव्हरला खाली उतरवायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसून अनवाणी पाय ब्रेकवर ठेवायचे. डोळे मिटायचे. एकदा दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबून धरायचे. शहाद्याच्या मे महिन्यात पेडलला हात लावला तर चटका बसतो, पण आप्पांचा पाय हलायचा नाही. मग उतरून चप्पल शोधायचे आणि गाडी मशीनवर घ्यायला सांगायचे.

तुम्ही कधी गाडीच्या पासिंगसाठी रांगेत ताटकळला असाल, तर अशा माणसाचा किती राग येतो हे तुम्हाला सांगायला नको. मला तो रोज यायचा, कारण स्टेशन माझं होतं.

शहाद्याबाहेर आमचं वाहन तपासणी स्टेशन आहे, सरकारी मान्यतेचं. घरचा धंदा कापडाचा. आजोबा राजस्थानातून गाठोडं पाठीवर घेऊन आले आणि इथलेच झाले. मला कापड मोजत बसायचं नव्हतं म्हणून मी यात पडलो. जीप, टेम्पो, शाळेच्या गाड्या यांना फिटनेसचा दाखला लागतो. गाडीची चाकं जमिनीतल्या रोलरवर चढवायची, मशीन ब्रेकचा आकडा काढतं आणि तो थेट सरकारकडे जातो. मशीनला जे दिसत नाही ते माणसाने बघायचं आणि सही करायची. ती सही आप्पांची होती.

आप्पा जवळच्या ब्राह्मणपुरी गावचे. घरी शेती, पण उमेदीची सगळी वर्षं सरकारी बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांच्या हातात मान्यतेच्या अटींची पुस्तिका ठेवली. मी ती चाळली होती, म्हणजे कुठे सही करायची ते पाहिलं होतं. आप्पांनी ती ओळीखाली बोट ठेवून आठवडाभर वाचली आणि शेवटी मलाच विचारलं, मालकाची जबाबदारी हे पान तुम्ही वाचलं का. मी हो म्हणालो. खोटं बोललो हे त्यांना कळलं असणार.

त्या पुस्तिकेत एक अट होती की जिथे तपासणी होते तिथे दुरुस्ती होणार नाही. तपासणाऱ्याने पाना धरायचा नाही. अट बरोबरच आहे, स्वतः दुरुस्त केलेल्या गाडीला कोण नापास करणार? पण ज्याचा सगळा जन्म पाना धरण्यात गेला त्याच्यासाठी ही शिक्षाच. सैल नट दिसला की आप्पांचे हात शिवशिवायचे. मग ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि हनुवटीने नट दाखवायचे. ड्रायव्हर गयावया करायचा, आप्पा, अर्धा फेरा तर द्यायचाय. आप्पा म्हणायचे, “फाटकना बाहेर.” माझ्या टेबलाचा पाय डुगडुगत होता तो त्यांनी बसवून दिला, पण आधी विचारून घेतलं की टेबल या अटीत येतं का.

पायावरून आमची खडाजंगी व्हायची. मी म्हणायचो, अटींमध्ये पायाचा कुठे उल्लेख नाही. ते म्हणायचे, “मनाई बी नही शे.” आणि पुढच्या गाडीसमोर चप्पल काढायचे.

दिवाळीआधीच्या एका शुक्रवारी दुपारी तोरणमाळची एक काळी-पिवळी जीप आली. चालवणारा तिथलाच, बाजाराच्या दिवशी माणसं घाटाखाली आणून सोडणारा. त्याचं फिटनेस त्याच दिवशी संपत होतं आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता. आप्पांनी पाय ठेवला. एकदा, दोनदा, मग चारदा दाबला. उतरून म्हणाले, पाय नाही म्हणतो. जीप रोलरवर घेतली तर पडद्यावर हिरवं. पुन्हा घेतली, पुन्हा हिरवं. आप्पांनी खाली वाकून चाकं पाहिली. चिखलाने इतकी बरबटलेली होती की काही दिसत नव्हतं. ती धुऊन आणायला सांगावं असं त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. पेनचं टोपण न काढता ते नुसते उभे राहिले.

मागे रांग होती आणि हॉर्न वाजत होते. मी ऑफिसातून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “आप्पा, मशीनला अचूकतेचं सर्टिफिकेट आहे, भिंतीवर लावलंय. तुमच्या पायाला आहे का?”

रांगेतली माणसं हसली. आप्पाही थोडं हसले. मग त्यांनी टोपण काढलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पोचलो तेव्हा आप्पा फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला त्यांच्या शेतावरच्या जुन्या जीपखाली आडवे झालेले होते. शेजारी पान्यांचा डबा उघडा. मला बघून बाहेर आले. डोळ्यांवरून दिसत होतं की रात्री झोपलेले नाहीत.

“मांगला ब्रेक मीच ढिला करी टाका,” ते म्हणाले. “आते देखू, मशीन काय म्हनस.”

त्यांनी जीप हळूहळू आत आणली. मी मशीन सुरू केलं. मागची चाकं रोलरवर गेली. मागचा ब्रेक त्यांनी जवळजवळ सोडलेला होता, आणि पडदा हिरवा झाला.



आता खरं सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा तोरणमाळची जीप आली नाही. फाटकाबाहेर लागायला लागलेली रांग आली. मी म्हणालो, मशीनवाल्या इंजिनीअरला गुपचूप बोलावून घेऊ, दुपारपर्यंत नीट होईल, आत्ताच परिवहन कार्यालयाला कशाला कळवायचं. पुस्तिका आप्पांच्या खिशात होती, पण त्यांनी ती काढलीही नाही. मशीनबद्दल शंका आली की लगेच काम थांबवायचं, कार्यालयाला कळवायचं, आणि दिलेल्या सगळ्या दाखल्यांची जबाबदारी मालकाची, हे मला आता न वाचताही माहीत होतं.

“ती जीप आज मानसं भरी,” ते म्हणाले. “तोरनमायना घाट उतरी.”

मी जीपवाल्याला फोन लावला. लागला नाही. वर रेंज कधी असते, कधी नसते. पुन्हा लावला. सात वाजत आले होते आणि बाजाराची जीप नऊच्या सुमाराला भरून निघते. मी माझ्या कारची चावी उचलली. आप्पा आडवे आले. आधी फाटकाला कुलूप आणि कार्यालयाला पत्र, मग गाडी. मी फोनवरच चार ओळी लिहून पाठवल्या, पाठवल्याचं त्यांना दाखवलं, तेव्हा ते बाजूला झाले. रांगेतल्या ड्रायव्हरांनी मला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाटेत पान्यांचा डबा आप्पांच्या मांडीवर होता. एकदाच म्हणाले, पाय सांगत होता आणि मी ऐकलं नाही. पाय सांगत होता तेव्हा मीच मध्ये बोललो होतो. घाट सुरू झाला तसं वरून उतरणारी प्रत्येक गाडी ते काचेबाहेर डोकं काढून बघायला लागले. एका वळणावर वरून काळी-पिवळी जीप दिसली आणि मी हात बाहेर काढून तिला थांबायची खूण केली. जवळ आली तर दुसरीच होती. त्यानंतर वर पोचेपर्यंत मी खाली दरीकडे बघितलंच नाही.

जीप वर होती. भरलेली होती. टपावर सीताफळांच्या पाट्या रचून झाल्या होत्या, आत दहा-बारा बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि जीपवाला दोरीची शेवटची गाठ मारत होता. आप्पा उतरले आणि सगळ्यांना खाली उतरा म्हणाले. कोणी हललं नाही. एका म्हातारीने तिच्या बोलीत काहीतरी सुनावलं. शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. जीपवाल्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

“कालच पास केली ना तुम्ही,” तो म्हणाला. “तुमचाच कागद आहे. याची सही आहे.”

होती. आमच्या स्टेशनचं नाव, आप्पांची सही. त्या कागदाला खोटं म्हणायला आम्ही दोघं पन्नास किलोमीटर धावत आलो होतो.

आप्पांनी वाद घातला नाही. त्याला चप्पल काढून ब्रेक दाबायला सांगितलं. स्वतः मागच्या चाकाच्या आतून बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या तळहातावर पुसलं. तेल होतं. ब्रेकचं तेल मागून गळत होतं, रात्रीपासून आणखी वाढलेलं. जीपवाल्याने तळहाताकडे पाहिलं आणि मग आत बसलेल्या बायकांकडे. बायकांना त्यानेच खाली उतरवलं. त्यातली एक त्याची आई होती हे मला तेव्हा कळलं.

आता करायचं काय? दुपारपर्यंत दुसरी गाडी नाही. गॅरेज घाटाच्या पायथ्याशी, आणि तिथे पोचायला ब्रेक हवा. आप्पांच्या डब्यात स्वतःच्या जीपसाठी आणलेली, ब्रेकचं तेल अडवणारी नवी रबरं होती, तेलाची बाटली होती. पण ते नुसते उभे होते. त्यांचे हात पाठीमागे गेले होते. आपण पास केलेल्या गाडीला हात लावला तर काय होतं, हे आमच्या दोघांत त्यांनाच नीट माहीत होतं.

मी हळूच म्हणालो की मी जरा तळ्याकडे जाऊन येतो, मी काही पाहिलं नाही.

“नही शेठ,” ते म्हणाले. “देखा. मंग तुम्हलेच लिखनं पडी.”

आणि त्यांनी पाना उचलला. इतक्या दिवसांनी त्यांच्या हातात पाना बघितला आणि मला वाटलं, हा माणूस माझ्याकडे इतके दिवस अर्धाच येत होता. चाक निघालं, जुनी रबरं निघाली, नवी बसली. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. मला म्हणाले, बूट काढा आणि वर बसा. मी मोजे काढून ब्रेकवर पाय ठेवला. खालून आवाज येत होता, दाबा, धरा, सोडा. पहिल्यांदा पेडल चिखलात पाय जावा तसं तळाला गेलं. मग थोडं कमी गेलं. मग आणखी कमी. शेवटी अर्ध्यात येऊन पायाखाली काहीतरी घट्ट उभं राहिलं. आप्पांनी खालून विचारलं, काय म्हणतो पाय? मी म्हणालो, थांबतो आहे.

उतरताना म्हातारी आणि आणखी तिघी माझ्या कारमध्ये बसल्या, बाकीच्या दुपारच्या गाडीसाठी वरच थांबल्या. आप्पा जीपमध्ये पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मी मागे होतो. प्रत्येक वळणावर जीपचा लाल दिवा लागायचा आणि तो विझेपर्यंत माझाही पाय ब्रेकवर असायचा. पायथ्याशी जीप थांबली तेव्हा आप्पांनी उतरून फक्त पाणी मागितलं. जीप गॅरेजमध्ये ठेवून घेतली आणि बायका, पाट्या दुसऱ्या गाडीने बाजाराला गेल्या.

मग चौकशी. मशीनचा मागचा सेन्सर बिघडला होता, तो बदलला. त्या आठवड्यात पास केलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावून तपासल्या. स्टेशन महिनाभर बंद राहिलं. कार्यालयाला सविस्तर जबाब द्यायचा होता, तो आप्पांनी सांगितला आणि मी लिहिला. पायाला शंका आली. तरी सही केली. नंतर गाडीला स्वतः हात लावून दुरुस्ती केली. सही केली इथपर्यंत आलो तेव्हा मी थांबलो. मधे एक वाक्य राहत होतं, माझं. आप्पांनी ओळखलं. “फुढे लिखा,” म्हणाले. मी पुढे लिहिलं.

त्यांचं नाव मान्य तपासनीसांच्या यादीतून कमी झालं. माझी मान्यता राहिली, कारण मी तातडीने कळवलं होतं. तसं कागदावर आहे.

जबाबात जे वाक्य नाही ते इथे लिहितो. आप्पांनी ती सही माझ्या सांगण्यावरून केली. लोकांसमोर हसं करून मी ती करून घेतली.

नंतर एकदा ते स्टेशनवरून जात होते. मी धावत जाऊन आत चहाला बोलावलं. ते फाटकाच्या बाहेरच उभे राहिले. “मन्हं नाव यादीमा नही शे,” म्हणाले. चहा मी बाहेर नेला. तो पिताना ते आत रोलरवर चढणाऱ्या टेम्पोकडे बघत होते. त्यानंतर ते मुलाकडे सुरतला गेले. तिथे चौथ्या मजल्यावर राहतात. मी फोन करतो. कंटाळा येतो का विचारलं की लिफ्टच्या दाराचं काहीतरी सांगतात.

गेल्या महिन्यात तोरणमाळची ती जीप पुन्हा पासिंगला आली. चाकं स्वच्छ धुतलेली. जीपवाला स्वतःच खाली उतरला, दार उघडं ठेवून बाजूला झाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. तो बाबा कुठे, त्याने विचारलं. मी सांगितलं, सुरतला. नवा तपासनीस पडद्याजवळ उभा होता. सगळं हिरवं येणार होतं, मशीन आता चोख आहे.

“मग पाय कोण ठेवणार?” जीपवाला म्हणाला.

मागे रांग होती. मी वाकून बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि आत बसलो. पेडल तापलेलं होतं. दाबलं, सोडलं, पुन्हा दाबून धरलं. अर्ध्यात येऊन थांबल्यासारखं वाटलं, पण खात्री होईना. मागून हॉर्न वाजायला लागले. मी डोळे मिटले आणि पाय तसाच ठेवला.